पाण्यात उभा केलेला ड्रॅगन

होलिस क्वामिनाच्या मते पोर्ट ऑफ स्पेन शहरात दोन प्रकारची माणसं राहत होती: कार्निव्हल करणारी आणि कार्निव्हलबद्दल बोलणारी. दुसऱ्या प्रकाराबद्दल त्याला जे वाटे ते चारचौघांत बोलण्यासारखं नव्हतं. तो मात्र ते चारचौघांतच बोलत असे.

वय त्र्याहत्तर. आयुष्याची अडतीस वर्षं त्यानं नगरपालिकेच्या गटार खात्यात काढली. त्याच्या बेलमाँट वस्तीतल्या गल्ल्यांतलं कुठलं गटार कुठे तुंबतं, कुणाच्या घरची चरबी कुठे साचते, हे त्याला तोंडपाठ होतं. आणि हाच माणूस कार्निव्हलच्या सोमवारी आणि मंगळवारी सैतानांच्या पथकात ड्रॅगन होऊन नाचायचा. अंगभर खवले, पाठीला पंख, डोक्यावर भलंमोठं कागदी मुंडकं, कमरेला साखळी आणि ती साखळी ओढणारे लाल कपड्यांतले आठ-दहा चिल्लर सैतान. ड्रॅगन नरकातला, त्यामुळे त्याला पाण्याचं भय. रस्त्यात कुठेही गटार आडवं आलं, बोटभर पाण्याचं का असेना, की ड्रॅगन थबकणार, मागे हटणार, गुडघे टेकून पाण्याला नमस्कार करणार, पुन्हा पळणार. सैतान साखळी ओढणार. लोक श्वास रोखून बघणार. आणि मग शेवटी एकच उडी. गल्लीतली माणसं म्हणायची, "होलिस वर्षभर गटारात कंबरभर उतरतो आणि कार्निव्हलला वीतभर पाण्याला घाबरतो." होलिसला हा विनोद बत्तीस वर्षं ऐकावा लागला आणि एकदाही हसू आलं नाही.

मुंडकं करायची त्याची बायको, फिलो. अंगणात आधी मातीचा साचा, त्यावर सिमेंटच्या पोत्याचा तपकिरी कागद, मैद्याची खळ, पुन्हा कागद, पुन्हा खळ, चौदा थर. दर वर्षी नवं. जुनं मुंडकं राखेच्या बुधवारी, म्हणजे कार्निव्हल संपल्याच्या दुसऱ्या दिवशी, रस्त्याच्या कडेला कचरागाडीसाठी ठेवून द्यायचं. कुणी हळहळलं तर फिलो म्हणायची, "गेल्या वर्षीच्या राक्षसाला यंदा कोण घाबरतंय? उचला." अशी बत्तीस मुंडकी तिनं केली आणि बत्तीसच्या बत्तीस टाकून दिली. चार वर्षांपूर्वी ती गेली. होलिसनं पंख माळ्यावर टाकले आणि त्या दिवसापासून घरात तिचं नावही काढलं नाही. मुलगी जेमा आईचा विषय काढायला लागली की तो उठून परसात जायचा आणि उगीचच नळ तपासत बसायचा.

आणि तीन आठवड्यांपूर्वी वर्तमानपत्रात फोटो आला. सवाना मैदानापलीकडच्या कलादालनात कार्निव्हलचं प्रदर्शन. फोटोत ड्रॅगनचं मुंडकं, त्याची उजवी नाकपुडी बोराएवढी आणि डावीत मूठ जाईल एवढी. होलिसनं चष्मा पुसला, पुन्हा बघितलं, आणि वर्तमानपत्र घडी करून उशीखाली ठेवलं. जगात फिलोच्या हातचं एक तरी मुंडकं शिल्लक होतं. आता त्याला एकच गोष्ट बघायची होती. त्या मुंडक्याखालच्या पाटीवर तिचं नाव आहे की नाही.

पण सरळ जाऊन बघेल तर तो होलिस कसला! कलादालनांवर त्यानं जन्मभर तोंडसुख घेतलेलं. तिथे स्वतःच्या पायानं गेला असं कळलं असतं तर गल्लीनं त्याला जगू दिलं नसतं. त्यामुळे नातीच्या शाळेची सहल तिथेच जाणार आहे आणि मुलांसोबत मोठी माणसं हवी आहेत हे कळल्यावर त्यानं आधी गुपचूप बाईंना फोन केला, आणि मग घरी येऊन कपाळाला आठ्या घातल्या.

"तुझ्या शाळेला दुसरं कुणी मिळत नाही का?" तो झलिकाला म्हणाला. "माझ्या गुडघ्यांची अवस्था बघ."

"मिस म्हणाल्या तुम्हीच फोन केला होता," झलिका म्हणाली. ती दहा वर्षांची होती आणि तिला आजोबा पुरते ठाऊक होते.

"तुझ्या मिसना ऐकायला कमी येतं."

सोमवारी सकाळी एकतीस मुलं, मिस ॲलन आणि होलिस बसमधून उतरले. होलिसच्या अंगात इस्त्रीचा शर्ट होता, खिशात चिंचेच्या गोळ्यांची पुडी आणि चेहऱ्यावर कुणाच्या तरी दहाव्याला आल्याचा भाव. दारातच थंडगार हवेचा झोत आला. "कार्निव्हलमध्ये घाम नाही," तो पुटपुटला. "वा! म्हणजे मेलेलाच दिसतोय."

त्यांना घ्यायला दालनाच्या बाई आल्या, मिस लिझेट. पांढरे तागाचे कपडे, गळ्यात लाकडी मण्यांची माळ, आवाज असा हळू की समोरच्यानं वाकावं. त्यांनी प्रत्येक मुलाला एक छापील कागद आणि एक पेन्सिल दिली. कागदावर प्रश्न होते. "फिरून झालं की खाली बसून उत्तरं लिहायची हं. तुमचे कागद आम्ही या भिंतीवर लावणार आहोत. प्रदर्शन संपेपर्यंत! सगळं शहर येऊन वाचेल." मग बोट वर करून म्हणाल्या, "तीन नियम. पळायचं नाही, ओरडायचं नाही, कशालाही हात लावायचा नाही."

"मग कार्निव्हल कुठाय?" होलिसनं विचारलं.

"आपल्या आत," मिस लिझेट छातीवर हात ठेवून म्हणाल्या.

होलिसनं मिस ॲलनकडे बघितलं. मिस ॲलननी छताकडे बघितलं.

पुढचा अर्धा तास अकलेचे तारे तुटत राहिले. काचेच्या पेटीत वटवाघळाचे पंख टाचण्या मारून पसरले होते. पंख बघायचे तर ते फडफडताना, हे शेंबड्या पोरालाही कळतं. उंच बांबूवर चालणाऱ्यांची विजार दोन खिळ्यांवर वाळत घातल्यासारखी टांगली होती आणि बांबू जागा पुरत नाही म्हणून अर्धे कापले होते. एका कोपऱ्यात अंधार करून रस्त्यावरच्या गर्दीचा आवाज लावला होता, तोही इतका बारीक की शेजारच्या घरातलं भांडण वाटावं. प्रत्येक वस्तूपुढे मिस लिझेट "प्रतिकार" म्हणत. पंख म्हणजे प्रतिकार, विजार म्हणजे प्रतिकार. तिसऱ्या प्रतिकाराला मुलं जांभया द्यायला लागली. होलिसनं मागच्या मागे चिंचेच्या गोळ्या वाटल्या. खायला मनाई होती, म्हणून त्या जास्तच गोड लागल्या.

"आजोबा, तुम्ही सारखे पुढे काय बघताय?" झलिकानं विचारलं.

"बाहेर जायचा रस्ता."

मग ते शेवटच्या दालनात शिरले, आणि होलिस जागच्या जागी थांबला.

दालनाच्या मधोमध निळ्या दिव्यांखाली एक रुंद, उथळ हौद केला होता. हौदात खरंखुरं पाणी. आणि त्या पाण्याच्या बरोबर मध्यभागी, घोट्याएवढ्या पाण्यात, पुतळ्याला खवले चढवून आणि वर फिलोचं मुंडकं बसवून, ड्रॅगन उभा केला होता.

होलिस हसला. बत्तीस वर्षं जो विनोद ऐकून हसू आलं नव्हतं त्याचं सगळं साठलेलं हसू एकदम बाहेर आलं. एकतीस मुलं वळली. कोपऱ्यातला रखवालदार दचकून उभा राहिला.

"काही गंमत आहे का?" मिस लिझेटनी विचारलं.

"बाई, याला पाण्यात कुणी घातला?"

"ही आमची कल्पना." त्या खुलल्या. "ड्रॅगन आणि पाणी यांचं फार जुनं नातं आहे. आम्ही खूप वाचन केलं."

"ते दिसतंच आहे," होलिस म्हणाला.

बाईंना टोमणा कळला नाही. त्या मुलांकडे वळल्या. "आणि नाकपुड्या बघा. एक लहान, एक मोठी. कलाकारानं मुद्दाम केलंय हे. सुंदर दिसायला दिलेला नकार! किती धीट विचार आहे बघा."

मिस लिझेटच्या त्या धीट विचाराची हकिकत होलिसला चांगली ठाऊक होती. फिलो साच्याची उजवी नाकपुडी कोरून डावीला हात घालत होती तेव्हा फोन आला की जेमाला कळा सुरू झाल्या. फिलोनं मुठीतला मातीचा गोळा तसाच उपटला आणि चिखलाच्या हातांनी दवाखाना गाठला. दोन दिवसांनी घरी आली तोवर माती दगड झाली होती. होलिस म्हणाला, नाक वाकडं राहिलं. ती म्हणाली, नातीचं तोंड बघून आलेय, आता राक्षसाचं नाक कोण मोजत बसतंय? त्या नाकपुडीचं आणि झलिकाचं वय एकच होतं.

तो हौदाला वळसा घालून पाटीजवळ गेला. खिशातून चष्मा काढला. हात मागे बांधले आणि वाकून वाचलं.

ड्रॅगनचे मुखवटाशीर्ष. कागद, खळ, रंग. डॉ. एमरिक गॉल्ट यांच्या संग्रहातून, त्यांच्या सौजन्याने. कारागीर: अज्ञात.

डॉक्टरचं नाव ठळक अक्षरात होतं. हा कोण गॉल्ट हे होलिसला आठवायला वेळ लागला नाही. दातांचा डॉक्टर. राखेच्या बुधवारी पहाटे मोठी गाडी घेऊन बेलमाँटच्या गल्ल्यांतून कचरा धुंडाळत हिंडायचा आणि लोक हसायचे. म्हणजे ज्यानं कचऱ्यातून उचललं त्याचं नाव ठळक, आणि जिनं चौदा थर चढवले ती अज्ञात. ज्या बाईला सबंध बेलमाँट टँटी फिलो, म्हणजे फिलोमावशी, म्हणून हाक मारायचं ती अज्ञात! होलिसला इतका संताप आला की क्षणभर डोळ्यांपुढचं निळं पाणीही दिसेना.

पण संतापून पाटी बदलत नाही हे गटार खात्यात अडतीस वर्षं घालवलेल्या माणसाला कळतं. आयुष्यात त्यानं अशा लोकांकडे कधी काही मागितलं नव्हतं. आज मागायला हवं होतं. त्यानं टोपी काढली आणि मिस लिझेटना बाजूला गाठलं.

"बाई, ही पाटी चुकलीय. हे माझ्या बायकोनं केलंय. फिलोमेना क्वामिना. तेवढं नाव लिहाल का?"

"ओ!" मिस लिझेटनी त्याच्या दंडावर हलकेच हात ठेवला. "किती हृद्य! तुमच्याकडे काही आहे का? करतानाचे फोटो? कागदपत्रं?"

"कशाचे फोटो? हात खळीत असायचे तिचे."

"तसं काय आहे, काका, नाव लावायचं म्हणजे समितीपुढे ठेवावं लागतं. पुराव्यांसकट. पुढची बैठक मार्चमध्ये आहे."

"आणि प्रदर्शन कधीपर्यंत?"

"फेब्रुवारीअखेर."

होलिसनं टोपी पुन्हा डोक्यावर घातली. त्या बाईनं त्याला काका म्हटलं, दंडाला हात लावला, हृद्य म्हटलं आणि हाकलून दिलं, आणि यातलं काहीच तिच्या गावी नव्हतं. मागितलं म्हणून त्याला स्वतःचाच तिटकारा आला. तो भिंतीशी जाऊन उभा राहिला आणि बस किती वाजता येणार याचा विचार करायला लागला.

"अंकल होलिस," अनीसा नावाची चष्मेवाली मुलगी त्याच्यापुढे येऊन उभी राहिली. "तुम्ही मघाशी हसलात कशाला?"

"कारण ड्रॅगन पाण्यात उभा राहत नाही. मेला तरी राहत नाही."

"का?"

"भितो."

"एवढा मोठा? एवढ्याशा पाण्याला?"

"ओलांडतो तो. पण असा तसा नाही ओलांडत. हाक मारावी लागते." होलिसनं इकडे तिकडे बघितलं. चार-पाच मुलं जवळ सरकली होती. "आमच्या पथकात रीत होती. ज्यानं मुंडकं केलंय त्यानं गटाराच्या पलीकडे उभं राहायचं. त्यानं हाक मारल्याशिवाय ड्रॅगन उडी मारणार नाही. सगळं पथक खोळंबलं तरी नाही. पडलो तर मुंडक्याचा लगदा होणार, आणि लगदा कुणाच्या मेहनतीचा होणार? मग परवानगी कुणाची?"

"मग तुम्हाला कोण हाक मारायचं?"

झलिका त्याच्याकडे एकटक बघत होती. चार वर्षांत त्या घरात हे नाव त्याच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं.

"फिलो," तो म्हणाला. "फिलोनं हाक मारायची. हे मुंडकंही तिचंच. सैतान साखळी ओढत ओरडायचे, फिलो, फिलो, फिलो! ती दहा मिनिटं ढिम्म उभी. मी इकडे घामानं निथळतोय. आणि मग कमरेवर हात ठेवून..." त्यानं स्वतःचेच हात कमरेवर ठेवले. "म्हणायची, ये की रे मेल्या, अंघोळ नाही घालत तुला!"

मुलं फिदीफिदी हसली. "करून दाखवा ना, अंकल!"

"माझे गुडघे."

"दाखवा ना!"

त्यानं मान वर करून पाण्यातल्या मुंडक्याकडे पाहिलं. आणि मग त्यानं पितळी खांबांना अडकवलेली मखमली दोरी सोडली. तिचं एक टोक कमरेला बांधलं आणि दुसरं अनीसाच्या हातात दिलं. रखवालदार दोन पावलं पुढे आला. होलिसनं त्याच्याकडे बघितलं. रखवालदारही बेलमाँटचाच होता. "मी जरा पाणी पिऊन येतो," असं म्हणून तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

होलिसनं टोपी हौदाच्या काठावर ठेवली आणि वाकला. खांदे वर आले, मान खाली गेली, बोटांच्या नख्या झाल्या. इस्त्रीच्या शर्टातला म्हातारा हौदाकडे एक पाऊल टाकून गेला आणि पाणी दिसताच असा मागे उसळला की दोरी धरलेली सहा मुलं खाली बसली. पुन्हा पुढे. गुडघा टेकला, कडकन वाजला. त्यानं पाण्याला नमस्कार केला, वास घेतला, फुत्कारला. मुलं पळत होती, ओरडत होती, सगळ्या गोष्टींना हात लावत होती. मिस ॲलन नाचत होत्या. मिस लिझेट "अगं, अगं" करत आल्या, आणि मग त्यांनी मोबाइल काढला.

"फिलो!" मुलं किंचाळली. "फिलो! फिलो! फिलो!"

होलिस पुतळ्याच्या एका बाजूला, काठावर थांबला. पलीकडे कुणी नव्हतं. त्याला वाटलं, इथवर ठीक झालं, आता थांबावं. ओलांडायचं नाहीच आपल्याला. इतक्यात झलिका दोरी सोडून हौदाच्या पलीकडे धावली. कमरेवर हात ठेवून, एक खांदा वाकडा करून, ती नुसती उभी राहिली. मुलांचे घसे बसत आले. ती ढिम्म. बरंच ताटकळवून मग म्हणाली, "ये की रे मेल्या! अंघोळ नाही घालत तुला!"

होलिसनं उडी मारली. हौद रुंद होता, वय त्र्याहत्तर होतं. डावा पाय पलीकडे पोचला, उजवा घोट्यापर्यंत पाण्यात गेला. बत्तीस वर्षांत ड्रॅगनचा पाय कधी भिजला नव्हता.

"अप्रतिम!" मिस लिझेट टाळ्या वाजवत आल्या. "तुम्ही दर शनिवारी याल का? आम्ही गाडी पाठवू."

"ड्रॅगन दर शनिवारी येत नाही, बाई," होलिस बुटातलं पाणी ओतत म्हणाला. "वर्षातून दोन दिवस येतो."

मग मुलांना जमिनीवर बसवून कागद भरायला सांगितलं. मिस लिझेट पाटी वाचल्यासारख्या म्हणाल्या, "चौथा प्रश्न, हे कोणी बनवलं. तिथे अज्ञात कारागीर असं लिहा हं." आणि त्या मघाचं चित्रण कुणाला तरी पाठवायला खिडकीशी गेल्या. होलिस बाहेर पायरीवर जाऊन बसला. पाटी होती तिथेच होती. ओला बूट थंड लागत होता. एवढं सगळं करून शेवटी त्या बाईच्या मोबाइलात एक तमाशा तेवढा जमा झाला, असं त्याला वाटलं, आणि स्वतःची कीव आली.

बस आली तेव्हा मुलं रांगेत बाहेर पडली. झलिकानं त्याला हलवलं. "आजोबा, तुमची टोपी आत राहिली."

टोपी हौदाच्या काठावर होती. ती उचलून तो वळला आणि त्याला भिंत दिसली. रखवालदारानं एकतीस कागद टाचण्यांनी लावले होते, ड्रॅगनच्या अगदी समोर. मिस लिझेट अजून फोनवर होत्या. त्यांनी एकही वाचला नव्हता.

होलिसनं चष्मा लावला. चौथा प्रश्न. हे कोणी बनवलं? फिलोनं. पुढचा कागद. फिलो. पुढचा. झलिकाच्या आजीनं, तिचं नाव फिलो. अंकल होलिसच्या फिलोनं. टँटी फिलो, तिनं हाक मारल्याशिवाय तो येत नाही. झलिकाच्या कागदावर पूर्ण नाव होतं. अनीसानं खाली ओढ मारून लिहिलं होतं, पाटी चुकीची आहे.

"फेब्रुवारीअखेरपर्यंत राहणार," रखवालदार हळूच म्हणाला. "बाईंचाच हुकूम आहे."

होलिसनं एका कागदाचा कोपरा चिमटीत धरून चोळला.

"भिकार कागद," तो म्हणाला. "फिलोनं याचा कानसुद्धा केला नसता."

बाहेर बस हॉर्न देत होती. त्यानं चष्मा काढून शर्टाला पुसला, पुन्हा लावला, आणि पहिल्या कागदापासून परत वाचायला सुरुवात केली.